हंपीच्या फोटोतले दिगंबर

स्क्रीनवर दिगंबर नाडकर्णी हंपीच्या दगडी रथापुढे हसत उभे होते. गाल भरलेले, डोक्यावर दाट केस.

"हे ते नाहीत," शैलजाताई म्हणाल्या. "आम्ही हंपीला गेलो तेव्हा त्यांची केमो चालू होती. डोक्यावर एक केस उरला नव्हता."

छायासंग्रह केंद्रातल्या पूर्वाने नोंद तपासली. "काकू, सहल तीच आहे. पण सगळ्यांचे सगळे फोटो ठेवायला आता जागाच नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणाचं एक चित्र आणि प्रत्येक माणसाचा एकच चेहरा जपतात. फोटो मागितला की यंत्र दोन्ही जुळवून देतं. काकांचा सगळ्यात चांगला चेहरा निवडलाय त्याने."

"आणि मूळ फोटो?"

"ते नऊ वर्षांपूर्वीच पुसले."

शैलजाताई खुर्चीत बसल्या. दिगंबर गेल्यापासून हे फोटो बघायचा त्यांना धीर झाला नव्हता. त्या रोज बघायच्या ते आधीच्या सहलींचे फोटो.

"ती आमची शेवटची सहल होती गं. तेव्हा ते जसे दिसत होते, तसेच मला हवेत."

पूर्वाने माइक त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही सांगा, यंत्र तसा चेहरा काढेल. गालांपासून सुरुवात करा."

शैलजाताईंनी डोळे मिटले. गाल खोल गेले होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढे येत होते ते फक्त भरलेले गाल आणि दाट केस.

"काकू?"

"दिसत नाहीत गं," त्या म्हणाल्या.