अर्धा किलो

"काकी, घोटभर दे ना गं."

"थेंब मिळायचा नाय," मालन म्हणाली आणि तिने कढईतले धणे उलथण्याने खालीवर केले. "चारला काट्यावर चढ, वजनात बस, मग पिंपभर पी. मी पाजते तुला माझ्या हाताने."

अक्षदा भट्टीच्या कडेला स्टुलावर बसली होती. अंगात शाळेची जर्सी, त्यावर दोन स्वेटर, त्यावर दुकानातल्या रघुचा रेनकोट, तोही टोपीसकट. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, समोर पेटलेल्या भट्ट्या. लालबागच्या त्या मसाल्याच्या गल्लीत भर दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि ही पंधरा वर्षांची पोर सकाळपासून तिथे घाम गाळत होती.

कशासाठी, तर अर्धा किलो. शाळांच्या कबड्डीत मुलींना वजनाची अट असते, आणि संध्याकाळी फायनल होती. सकाळी कबड्डीच्या रमाकांत सरांनी तिला मालनच्याच दुकानातल्या पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं, तर पोर अर्धा किलो जास्त भरली. सर म्हणाले, "राहू दे. श्रेया खेळेल तिच्या जागी. एक फायनल गेली म्हणून काय बिघडत नाय."

काय बिघडत नाय! मालनचं टाळकंच सटकलं. तीन वर्षं ढाल भोईवाड्याच्या या शाळेबाहेर गेली नव्हती. मालनला ना मूल ना बाळ. शाळेशी तिचा संबंध म्हणाल तर शाळेची भिंत तिच्या चाळीला लागून, एवढाच. पण मॅच असली की भट्टी बंद आणि मालन मैदानाच्या कोपऱ्यात उभी. 'अक्षदा, बोनस घे!' म्हणून ती ओरडली की पोर खरंच बोनस घेऊन परत यायची, आणि मग मालनच्या डोळ्यांना धार लागायची. दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी टीमचा फोटो होता. उदबत्ती दोघांत मिळून एकच.

"श्रेया?" ती सरांना म्हणाली होती. "ती मधली रेघ ओलांडेल तर शप्पथ. अर्धा किलोच ना? द्या तिला माझ्याकडे. दुपारपर्यंत उतरवते."

सरांनी जरा डोकं खाजवलं. मग पोरीला तिथेच सोडून ते निघून गेले. ढाल कोणाला नको असते?

मालनची माया मात्र खोटी नव्हती हो. पोरीला ठसका लागू नये म्हणून तिने आज मिरची भाजायला घेतलीच नाही, नुसते धणे आणि बडीशेप. गिऱ्हाईकं तोंड वाजवून गेली, तिने पर्वा केली नाही. मधूनमधून ती पदराने पोरीचं तोंड पुसत होती आणि टॉवेल पिळून दाखवत होती. "बघ, बघ किती निघालं! अजून थोडंच राहिलं गो माझ्या वाघिणी."

आत मसाला कुटायच्या डंकावर बसलेला रघु दोनदा बाहेर येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो पाण्याची कळशी घेऊनच.

"वैनी, पाणी द्या तिला. तोंड बघा तिचं, लालबुंद झालंय."

"भट्टीसमोर बसल्यावर काय पांढरं होणार? तू तुझा डंक बघ."

"खेळ गेला चुलीत, वैनी."

"रघु," मालन उलथणं रोखून म्हणाली, "आज ढाल गेली ना, तर तुझं तोंड नाय बघणार मी."

कळशी उंबऱ्याशी ठेवून रघु आत गेला. अक्षदा त्या कळशीकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "काकी, घाम येत नाय आता."

मालनने तिच्या कपाळावर हात फिरवला. कोरडं ठणठणीत. कपाळ तव्यासारखं तापलं होतं, पण ते मालनच्या ध्यानात आलं नाही; भट्टीजवळ सगळंच तापलेलं असतं. तिला हर्ष झाला. "निघालं म्हणायचं सगळं पाणी! शाब्बास. आता दहा मिनिटं कळ काढ, मग ऊठ."

"काकी, कबड्डी कुणाची चाललीय?" अक्षदाने विचारलं.

"संध्याकाळी आहे गो."

"नाय... कोण तरी दम घेतंय."

मालन हसली आणि कढईकडे वळली. मागे स्टूल पडल्याचा आवाज झाला.

पोर जमिनीवर होती. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर. हातपाय झटका बसल्यासारखे उडत होते. मालन किंचाळली. रघु धावत आला. त्याने रेनकोट ओरबाडून काढला, स्वेटर फाडले, आणि दोघांनी तिला उचलून दाराशी वाऱ्यावर आणलं. दाराशी जागा होती तेवढी काट्याची. पोतं ठेवावं तशी तिला त्यावर ठेवली, पाय पोटाशी दुमडून. उडणारे हातपाय एव्हाना थांबले होते. रघुने कळशी तिच्या डोक्यावर उपडी केली. उरलेलं ओंजळीने तोंडात घातलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं.

"अक्षदा! ए बाय! वैनी, टॅक्सी बघा! बघताय काय?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. बाकीच्या पोरी तिला न्यायला आल्या होत्या. मागच्या फळीवर उभ्या राहून त्या ओरडत होत्या, मालननेच शिकवलेल्या सुरात, "मालनकाकी! वजनात बसली का आमची अक्षदा?"

मालनचे डोळे पोरीच्या तोंडाकडे जायला हवे होते. ते काट्याच्या लाल आकड्यांकडे गेले. आकडे जरा हलले आणि स्थिर झाले.

"बसली!" मालनच्या तोंडून निघून गेलं. तोच मैदानावरचा आवाज, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

रघुने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाहेर टेम्पोवर पोरींनी एकच गिल्ला केला.