‘आवश्यक’च्या रकान्यात

"झालं का चालू? तपासलंत का?" जाहिरातवाल्या मॅडमचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन.

"तपासतोच आहे, मॅडम. कळवतो," म्हणत त्याने फोन टेबलावर टाकला. मॅडम एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या जाहिराती बघायच्या आणि हा घरी बसून त्याच हॉस्पिटलची वेबसाइट सांभाळायचा. जेवणाचं टेबल हेच त्याचं ऑफिस.

साइट उघडली की खाली एक पट्टी येते. तुमच्यावर लक्ष ठेवू का? हो की नको? लोक मेले 'नको'च दाबतात, हे मॅडमचं रडगाणं. नको म्हटलं की तो माणूस पुढे दुसरं काहीही उघडो, त्याच्या मागे आपली जाहिरात लावता येत नाही. मग मॅडमनीच तोड काढली, की तो पाळतीचा कोड 'आवश्यक'च्या रकान्यात टाका, तिथे कुणाला नको म्हणताच येत नाही. त्या रकान्यात फक्त साइट चालायला लागतं तेवढंच ठेवायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजारी माणसांची साइट ही! लोकांनी दार लावून घ्यायचं आणि आपण खिडकीतून आत शिरायचं. पण "नाहीतर दुसरा माणूस बघते" म्हटल्यावर त्याने मान तुकवली. सकाळीच एक खूण इकडची काढली, तिकडे लावली. झालं काम, बिनबोभाट.

आतल्या खोलीत आई पडली होती. हल्ली दुपारची पडायचीच ती. परवा तपासण्यांचे रिपोर्ट आणायला एकटीच गेली, कारण चिरंजीवांना या कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. आल्यावर म्हणाली, "काही नाही रे, साधी गाठ आहे." त्याचा जीव भांड्यात पडला. पुढे त्याने काही विचारलं नाही.

आता तपासायला दुसरं यंत्र हवं होतं. स्वतःच्या लॅपटॉपवर त्याने त्या साइटवर इतकं काय काय करून ठेवलं होतं की त्यावर भरवसा नव्हता. खिडकीपाशी आईचा टॅब होता. पत्ते खेळायला आणि बातम्या वाचायला तिला तो लागायचा. त्याने तो उघडला. समोर बातम्या आल्या आणि बातम्यांच्या मधोमध जाहिरात. म्हाताऱ्या बाईचा हात हातात धरून हसणारी नर्स, आणि खाली: 'उपचार थांबवायचे ठरवताय? उरलेले दिवस वेदनेशिवाय.'

"घ्या! चाललं की!" त्याने मांडीवर थाप मारली आणि लगेच फोन लावला. "मॅडम, झकास! समोर दिसतेय जाहिरात."

"वा! कुठलं पान उघडलं होतंत?"

"पान? अजून तर मी साइट..."

ही जाहिरात अशी कुणालाही दिसत नाही. साइटवरचं 'उपचार घ्यायचे नसतील तर' हे पान उघडून जो बराच वेळ वाचत बसला, त्याच्याच मागे ती लागते. ती अट त्यानेच घातली होती. चुकून आलेल्यांना उगाच त्रास नको म्हणून.

"हॅलो? ऐकताय ना?" फोनमधून मॅडम विचारत होत्या. त्याने फोन बंद केला.

आई दारात उभी होती. तिने टॅबकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दिसलं तुला," ती म्हणाली. "दुपारपासून तेच येतंय बघ. पत्ते खेळायला घेतले तरी तीच बाई. मी नको दाबलं होतं रे. चांगलं चष्मा लावून, वाचून दाबलं होतं."

"आई, तू साधी गाठ म्हणाली होतीस."

"सांगणार होते. म्हटलं, तुझं हे काम एकदा उरकू दे."

तिच्यावर ओरडावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, त्याला कळेना. त्याने लॅपटॉप पुढे ओढला. पासवर्ड दोनदा चुकला.

"थांब, काढतो. आत्ता काढतो मी ते."

आई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. टॅब तिने उचलला आणि टेबलावर पालथा घातला.

"माझं जाऊ दे आता," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काढ."