दर्शनी बाजू

भिंगातून बघून बघून रेवतीचे डोळे दुखायला लागले, तरी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अमेरिकन बंदुकीवरची नक्षी कुणाची हे ठरेना. मातीच्या उडत्या तबकड्या टिपायच्या स्पर्धेतली ती बंदूक. कारखान्याच्या कागदांत एकाच नामांकित कारागिराचं नाव होतं. पण एका बाजूला कोरलेलं कबूतर जरा जड होतं आणि दुसऱ्या बाजूचं आत्ता उडेल असं.

शेवटी तिनं ओहायोच्या म्युझियममधून हुपरीला व्हिडिओ कॉल लावला. जन्मभर चांदीवर कोरीवकाम केलेल्या आप्पांनी, तिच्या वडिलांनी, तिनं पाठवलेले दोन्ही बाजूंचे फोटो मोठे करून पाहिले.

"ह्यात दोन हात हायेत. जड कबूतर वस्तादाचं, हलकं पठ्ठ्याचं."

"पण आप्पा, हलकं तर कंपनीच्या नावाकडं आहे. दर्शनी बाजू कुणी पठ्ठ्याला देतं का?"

"पठ्ठ्या म्होरं गेला की वस्ताद आपणहून देतो. त्यातच तर वस्तादाची छाती फुगती."

रेवतीनं भिंग खाली ठेवलं. गावच्या देवळाच्या चांदीच्या दारावर बाहेरचा मोर तिनं कोरलेला होता, सतराव्या वर्षी. आप्पांचा मोर आतल्या बाजूला. "मला आताशा नीट दिसत न्हाई, माझं आत खपून जाईल," असं तेव्हा ते म्हणाले होते, आणि तिनं ते वीस वर्षं खरं मानलं होतं.

"आप्पा, तुमच्या डोळ्यांना तेव्हा खरंच कमी दिसत होतं?"

आप्पा मिशीत हसले. "तुझ्या आईच्या सुईत दोरा आजबी मीच ओवून देतो."