दोन रविवारचं तेल

"ब्रेक दाबून धरा, सिस्टर. आता डीमध्ये टाका," मिस्त्री खिडकीशी वाकून म्हणाला.

सिस्टरने ब्रेक दाबला, गिअरचा दांडा मागे ओढला. मिस्त्री मोजू लागला. एक. दोन. तीन. गाडी ढिम्म. चार म्हणेपर्यंत खालून धाडकन दणका बसला आणि गाडी जागच्या जागी हिसकली.

"एक म्हणायच्या आत गिअर पकडायला हवा," मिस्त्री म्हणाला.

"गिअरबॉक्स गेलाय, मी सांगतोय ना!" गॅरेजच्या दारातून तिचा धाकटा भाऊ म्हणाला. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, गाडीतलं त्याला कुणी काय शिकवणार! "बावीस वर्षांची ऑटोमॅटिक गाडी आहे ही. भंगारवाल्याला पाचला बोलावलंय."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. सिस्टरने किल्लीकडे पाहिलं. ठरलंच होतं तसं. मिस्त्रीने 'गेला' म्हटलं की किल्ली भावाच्या हातात. क्लचची गाडी तिला चालवता येणार नव्हती. डावा पाय लहानपणापासून नुसता सोबतीला होता. ही गाडी गेली की अंथरुणाला खिळलेले तिचे अकरा पेशंट गेले, त्यांच्या घरी जाऊन करायची ड्रेसिंगं गेली, आणि ती घरात बसली.

"चालवतेच तशी," भाऊ काही थांबेना. "ब्रेकवर एक पाय, दुसरा कुठे देव जाणे. मंगळवारी चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी मागे मागे. पाठीशी ट्रक! मी शेजारी बसलो होतो, मिस्त्री. माझं काय झालं असेल?"

"दुसरा पाय चालत असता तर क्लचचीच नसती का घेतली रे?" सिस्टर म्हणाली.

"भांडण घरी जाऊन करा. इंजिन बंद करू नका," मिस्त्री म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं, गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. पट्टी जवळजवळ कोरडी होती. टोकाला होतं तेवढं तेल त्याने बोटावर घेतलं आणि नाकाशी धरलं.

सिस्टरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"करपल्याचा वास आहे. थोडा," तो म्हणाला. "पण तेल दीड-दोन लिटर कमी आहे. ते गेलं कुठे?"

इंजिन बंद करायला लावून, जॅक आणि टेकू लावून तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. पाच मिनिटांनी पाठीवर सरपटत बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. "एक थेंब गळालेला नाही. हे तेल काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही. म्हणजे कुणीतरी काढलंय."

भावाचा चेहरा खर्रकन उतरला.

"जास्त होतं म्हणून," तो हळूच म्हणाला. "दर रविवारी मीच बघतो तिची गाडी. खुणेच्या बोटभर वर होतं. पंपाने बाटलीभर ओढून काढलं. पुढच्या रविवारी तरी थोडं वरच दिसलं, परत काढलं."

"इंजिन बंद करून बघितलंत?"

"मग? सपाटीवर, इंजिन बंद, गार झाल्यावर. तीस वर्षं तसंच बघत आलोय."

"अहो ड्रायव्हरसाहेब, ते इंजिनाचं तेल! याचं बघायचं इंजिन चालू ठेवून, गाडी तापल्यावर. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं, मग पट्टीवर जास्तच दिसणार."

भाऊ डिकीकडे गेला. स्टेपनीच्या मागून त्याने दोन बाटल्या काढून आणल्या. आत लालभडक तेल, वर चिकटवलेल्या कागदांवर त्याच्या वळणदार अक्षरात तारखा. "चांगलं होतं. टाकवेना," तो म्हणाला.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चढ, तो ट्रक, आरशात मोठं मोठं होत आलेलं त्याचं तोंड, सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि आठवडाभर बोलणी कुणी खाल्ली? तिने! ती तोंड उघडणार एवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. एका बाटलीवरच्या कागदाचं सुटलेलं टोक तो अंगठ्याने पुन्हा पुन्हा चिकटवत होता.

मिस्त्रीने बाटल्या बाजूला ठेवल्या आणि नवं तेल काढलं. इंजिन सुरू करून थोडं ओतायचं, सगळे गिअर फिरवायचे, पट्टी बघायची, पुन्हा थोडं. पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा त्याने फनेल काढलं. "ब्रेक दाबा. डीमध्ये टाका. ड्रायव्हरसाहेब, मोजा तुम्ही."

भावाने एक बोट वर केलं. "ए..." तो म्हणाला, आणि गाडीने गिअर पकडला. दणका नाही, हिसका नाही.

"खोटं कशाला सांगू, आतल्या प्लेटी थोड्या भाजल्यात," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "पण गेलेला नाही. चढावर दामटू नका. महिन्याभराने तेल बदलायला या. वर्ष-दोन वर्षं आरामात काढेल."

सिस्टरने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भाऊ खिडकीशी उभा होता.

"ताई, त्या दिवशी तुला काही झालं असतं तर..."

"भंगारवाल्याला फोन कर आधी. उगाच हेलपाटा पडेल त्याला."

त्याने फोन केला. मग तिथेच घुटमळत राहिला. "आता मी हात नाही लावणार तुझ्या गाडीला," तो म्हणाला.

सिस्टरने हँडब्रेक सोडला.

"रविवारी ये नेहमीसारखा," ती म्हणाली. "तेल तूच बघ. इंजिन मी चालू ठेवते."