हेल्पचं कोरं पान

न्हावऱ्याच्या दूध डेअरीत नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्याची हेल्प, म्हणजे माहितीची फाइल, उघडली, की डावीकडं विषयांची यादी दिसायची आणि उजवीकडं पान कोरंच. शेवटी वैतागून तिथले हिशेब बघणाऱ्या सत्यवान आप्पांनी पुण्याला कंपनीत फोन लावला.

"नमस्कार. काय अडचण आहे, सर?" पलीकडून एका बाईनं विचारलं.

आप्पांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "हेल्प दिसंना."

"फाइल इंटरनेटवरून आलीय ना, बाहेरची म्हणून कॉम्प्युटरनं अडवलीय. तिच्यावर जाऊन माउसचं उजवं बटन दाबा."

"दाबलं. काय बी होत न्हाई."

"मग डावं दाबा. तुम्ही डावरे, बटनं उलटी करून घेतली असतील."

आप्पांनी डावं दाबलं. बारकी यादी उघडली.

"आता प्रॉपर्टीजमध्ये जा. खाली अनब्लॉक लिहिलंय, त्यावर क्लिक करा."

आप्पांनी फाइल परत उघडली. कोरं पान अक्षरांनी भरलं.

"दिसाया लागलं," आप्पा म्हणाले.

"आता सगळं त्यातच सापडेल, सर. परत फोन करायची गरज पडणार नाही."

आप्पांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "मी डावरा हाय, हे मी सांगितलं न्हवतं."

पलीकडून घाईघाईनं तोच प्रश्न आला, "आणखी काही अडचण, सर?"

"हाय की. इतक्या वर्सांनी आवाज ऐकतुया, आन् पोरगी बापाला सर म्हणती."