बिननावाचा रोडगा

प्रयागआजीनं कणकेचा गोळा दोन्ही तळहातांत फिरवला, "मनोहर" म्हणाली आणि तो गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात ठेवला. पुढचा सुनेचा, सुहासिनीचा. मग नातीचा, लतिकाचा, मग बाकीच्या पोरांचे. हुडकेश्वरच्या त्या अंगणात रोडगे असेच व्हायचे. जाडसर कणीक, ओवा, तेलाचं मोहन, एकात एक तीन पाऱ्या, आणि वळताना ज्याचा रोडगा त्याचं नाव. नाव घेतल्याबिगर रोडगा आतून कच्चा राहतो, असं आजीच्या सासूनं सांगून ठेवलं होतं. ते खरं की खोटं, हे पाहायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठा रोडगा आबांचा. तो मात्र आजी मुकाट्यानं वळायची, कारण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. ती गप्प झाली की पोरं एकसाथ ओरडायची, "आबाचा!" मग बाजेवर बसलेले आबा, म्हणजे चंपतराव, आपली ठरलेली गोष्ट सांगायचे. यमाच्या दूताजवळ नुसतं नाव असते, पत्ता नसते. बिचारा दारोदारी कान लावत फिरते. "तुमची आजी माहं नाव घेत नाही, म्हणून मी अजून जिता आहो," ते म्हणायचे, आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा. लतिकाला ही गोष्ट पाठ होती, तरी ती दरवेळी नवी असल्यासारखी ऐकायची. सुट्ट्यांमधलं सगळं सुख तिच्यासाठी त्या एका गोष्टीत होतं.

आज सगळे धरमपेठेतून सकाळीच आले होते. आबांना उद्या दवाखान्यात भरती करायचं होतं. पोटाचं ऑपरेशन मोठं आहे, वय झालं आहे, असं डॉक्टरांनी मनोहरला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मनोहरनं ते घरी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं तोंड पाहून सगळ्यांना कळलं होतं. आबांनी एवढंच म्हटलं, जायच्या आधी रोडगे करा.

काल दवाखान्यात नाव लिहून घेताना एक गोष्ट घडली होती. मनोहर स्कूटर लावायला गेला होता. खिडकीतल्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं. आजीनं "मनोहरचे बाबा" म्हणून सांगितलं. बाईनं पुन्हा विचारलं, मागची रांग कुरकुरायला लागली. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. शेवटी आजीनं जमिनीकडे पाहत नाव सांगितलं. लतिका सोबत होती. तिला तेव्हा हसू आलं होतं. परत येताना सायकलरिक्षात आजी एक शब्द बोलली नाही.

आता परातीत मोठा गोळा तेवढा राहिला होता, आणि कडेला चिकटलेली थोडी कणीक. ती खरवडून आजी स्वतःसाठी एवढासा रोडगा करायची, त्याला कधी नाव नसायचं. तिनं मोठा गोळा उचलला. पोरांनी ओरडायला श्वास घेतला.

"चंपत," आजी म्हणाली. "मनोहर" म्हणाली होती त्याच आवाजात. आणि रोडगा आरात गेला.

कोणी ओरडलं नाही. सुहासिनीचा हात वांग्याच्या भाजीत तसाच थांबला. एकदा सुटलेली जीभ आवरत नाही म्हणतात, ते हे असं. आजीला स्वतःला ते ऐकू यायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा राखेसारखा झाला.

आबांनी सावरून घ्यायला पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुह्या तोंडून माहं नाव ऐकलं, चांगलं वाटते वं, असं काहीतरी ते म्हणाले. पण हसू मध्येच संपलं. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. लतिकानंही पाहिलं. फाटक उघडंच होतं.

आजीनं चिमटा घेतला नाही. तिनं उघडा हात आरात घातला आणि तो मोठा रोडगा बाहेर ओढला. सुहासिनी किंचाळून उठली, तिला आजीनं दुसऱ्या हातानं थांबवलं. धूर निघत असलेला रोडगा तिनं तळहातांत तसाच फिरवला, सावकाश, जसा नेहमी फिरवायची.

"प्रयाग," ती म्हणाली, आणि तो परत आरात ठेवला.

मग परातीच्या कडेची कणीक खरवडून तिनं एक लहानसा रोडगा वळला. वळताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पोरांकडे तिनं अशा नजरेनं पाहिलं की धाकट्या पोरानंही तोंड उघडलं नाही.

पंगत बसली. भाजी होती, वरण होतं, फोडलेल्या रोडग्यांवर तूप होतं. आजीच्या हातावर सुहासिनीनं हळद बांधली होती. आबांच्या ताटात तो लहानसा रोडगा होता. मोठा आजीच्या ताटात होता, न फोडलेला, एका बाजूनं काळा पडलेला.

आबांनी तिच्या ताटाकडे हात केला. तो मले दे, म्हणाले. थट्टेत नाही, हळू आवाजात म्हणाले.

एवढ्या वर्षांत आजीनं त्यांना आपल्या ताटातलं काही नाकारलं नव्हतं. तिनं हळद लावलेला हात रोडग्यावर ठेवला आणि ताट आपल्याकडे ओढलं.

"हा माहा आहे," ती म्हणाली. "याच्यावर तुमचं नाव नाही."