हिरवी गल्ली

साथ कुठे पसरतेय, हे माणूस खोकायच्या आधी गटार सांगतं. म्हणून तपासणीसाठी सांडपाण्याची बाटली भरायला मी रोज सकाळी आईच्या गल्लीत यायचे. साथीच्या नकाशावर गल्ली लाल, म्हणजे धोक्याची होती, त्यामुळे वर घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. आई खिडकीतून टोमणे मारायची, "लोकांच्या मुली विमानं उडवतात, माझी गटारात डोकावते!" मी भरलेली बाटली उंचावून दाखवायचे, मग ती हसायची. आज मीच खालून ओरडले, "आई, आठवडाभर पाण्यात विषाणूचा पत्ता नाही. तुझी गल्ली हिरवी झाली!" खिडकीतला चेहरा पडला. "म्हणजे उद्यापासून येणार नाहीस?" मी बाटली पेटीत ठेवली, हातमोजे काढले आणि धडाधड जिना चढले. दार उघडून ती उभीच होती. "शी! गटारातून थेट घरात? आधी आंघोळ कर!" ती ओरडली, पण मारलेली मिठी काही सोडेना.